बिननावाची दुखणी

आमच्या घरात दुखण्यांची नावं मोकळेपणानं घेतली जायची. पटकीनं कोण गेलं, प्लेगात गाव सोडून माळावर झोपड्या कशा घातल्या, देवीचे वण कुणाच्या तोंडावर राहिले, मानमोडीच्या साथीत एका घरातून एकाच दिवशी किती तिरड्या निघाल्या, हे सगळं आजी शेंगा फोडता फोडता सांगायची. दोनच दुखणी अशी होती की त्यांचा विषय निघाला की तिचा आवाज खाली यायचा आणि आम्हा पोरांना पाणी आणायला पाठवलं जायचं. एक अण्णा आजोबांचं, दुसरं आक्काचं. अण्णा म्हणजे माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ, कऱ्हाडच्या मामलेदार कचेरीत कारकून. आक्का ही आजोबांची थोरली बहीण, म्हणजे आजीची नणंद. अण्णांच्या दुखण्याला घरात ‘बैठकीचा त्रास’ म्हणत. आक्काच्या दुखण्याला तेवढंही नाव नव्हतं. ‘तिचं ते’ म्हटलं की सगळ्यांना कळायचं.

पुढे माझी भाची शस्त्रक्रियेची डॉक्टर झाली. तिला मी दोन्ही हकिकती सांगितल्या, तेव्हा ती म्हणाली, “मावशी, ही दोन्ही दुखणी एकाच जातीची. दोन्ही फिस्टुलाच.”

शरीरातल्या दोन पोकळ्यांमध्ये, किंवा आतली पोकळी आणि बाहेरची कातडी यांच्यामध्ये, जिथे वाट असायला नको तिथे पडलेली वाट म्हणजे फिस्टुला. एकच तोंड असेल आणि वाट आत कुठेतरी संपत असेल तर तो नाडीव्रण. दोन्हीकडे तोंडं असतील तर फिस्टुला. गुदद्वाराजवळ तो झाला की आपण भगंदर म्हणतो. मूत्राशय आणि योनीमार्ग यांच्यात झाला तर त्याला आपल्याकडे बाईनं उच्चारावं असं नावच नव्हतं. कारणं निरनिराळी असतात: पू साठून फुटणं, दाबाखाली मांस मरून जाणं, क्षय, कर्करोग, किरणोपचार, आतड्याला सूज आणणारा क्रोन्सचा आजार, शस्त्रक्रियेत झालेली इजा, कधी जन्मापासूनची रचनाच. पण आमच्या घरच्या दोन्ही हकिकती नीट ऐकल्या तर त्यांत मुख्य कारण उशीर हेच दिसतं.

अण्णांचं आधी सांगते. नोकरीला लागून थोडे दिवस झाले होते. बैठकीच्या जागेशेजारी ठणका लागला, ताप भरला, गाठ आली. लाजेपायी कुणाला सांगेनात. पोटीस बांधलं, घमेल्यात गरम पाणी ओतून तुरटी टाकून त्यात बसले. शेवटी उभं राहवेना, तेव्हा मिशनच्या दवाखान्यात नेलं. तिथे चीर देऊन पू काढला. ठणका थांबला, अण्णा घरी आले आणि सुटलो म्हणाले. पण जखमेचं तोंड काही पुरतं मिटलं नाही. मिटल्यासारखं व्हायचं, महिना-दीड महिन्यानं पुन्हा ठणकायचं, फुटायचं, धोतराला डाग पडायचा. कचेरीत ते एका कुल्ल्यावर भार देऊन, चिंध्यांची चुंबळ खाली घेऊन बसत. पांढरं धोतर नेसायचं त्यांनी सोडलं. पुढची तीस-पस्तीस वर्षं हे असंच चाललं.

हे का होतं, ते भाचीनं मला कागदावर काढून दाखवलं. गुदद्वाराच्या आत, परसाकडची वाट आवळून धरणाऱ्या दोन स्नायूंच्या मध्ये बारीक ग्रंथी असतात. त्यांतली एखादी तुंबली की तिथे पू होतो आणि तो जवळची वाट काढत कातडीपर्यंत येतो. गळू बाहेर फुटलं तरी आतलं तोंड उघडंच असतं. त्यातून मळातले जंतू त्या वाटेत येत राहतात. अशा गळवांपैकी तीनात एक, काहींच्या मते निम्मी, पुढे भगंदर होऊन बसतात. अण्णांच्या वैद्यांनी त्यांना हेच शेतातल्या भाषेत सांगितलं होतं. बांधाला घूस लागली आणि पाणी पलीकडे झिरपायला लागलं, तर बाहेरच्या भोकात कितीही चिखल कोंबा, पाणी थांबत नाही. आतलं तोंड सापडलं पाहिजे.

गोष्ट फार जुनी आहे. सुश्रुतानं बरे व्हायला अवघड अशा आठ महागदांत भगंदर धरला आहे. गाठ फुटली नाही तोवर ती पिडका, फुटली की भगंदर, इतका स्पष्ट भेद त्यानं केला. पाच प्रकार सांगितले: शतपोनक, उष्ट्रग्रीव, परिस्रावी, शंबूकावर्त आणि उन्मार्गी. शतपोनकात चाळणीसारखी अनेक तोंडं, शंबूकावर्तात शंखातल्या वळणासारखी वाट. उन्मार्गीचं कारण मला सगळ्यांत लक्षात राहिलं. मांसाबरोबर गिळलेलं हाड खालपर्यंत जातं, तिथे टोचतं, जखम करतं आणि त्या जखमेतून भगंदर होतो. पार्क्स यांनी १९७६ साली केलेली विभागणी आजचे शल्यविशारद वापरतात: वाट दोन स्नायूंच्या मधूनच जाते, की बाहेरचा स्नायू भेदून, की त्याच्या वरून वळसा घालून, की सगळ्यालाच बगल देऊन. हा भेद पुस्तकी नाही. स्नायू किती कापावा लागेल हे त्यावर ठरतं, आणि जास्त कापला गेला तर माणसाचा मळावरचा ताबा जातो. भगंदराच्या उपचाराची सगळी भीती या एका गोष्टीत आहे.

राजेही यातून सुटले नाहीत. फ्रान्सच्या चौदाव्या लुईला हे दुखणं झालं आणि १८ नोव्हेंबर १६८६ रोजी व्हर्सायच्या महालात शार्ल-फ्रांस्वा फेलिक्स या शल्यचिकित्सकानं, भूल नसलेल्या त्या काळात, त्याच्यावर शस्त्रक्रिया केली. फेलिक्सनं त्यासाठी खास वाकडं पातं करून घेतलं होतं. राजाला हात लावण्याआधी पॅरिसच्या दवाखान्यांतल्या गरिबांवर त्यानं महिनोनमहिने हात बसवला. राजा बरा झाला, फेलिक्सला जहागिरी मिळाली, दरबारातले लोक तसल्या पट्ट्या बांधून मिरवू लागले. त्या गरिबांची नावं कुठेही राहिली नाहीत. मला ते माणसांचं ऋण वाटतं आणि ते अजून फिटलेलं नाही. दीडशे वर्षांनी, १८३५ साली, लंडनमध्ये फ्रेडरिक सामन यानं सात खाटांचा दवाखाना काढला, तो मात्र भगंदरानं पिडलेल्या गरिबांसाठीच. त्यातूनच पुढे सेंट मार्क्स रुग्णालय झालं. १८४१ साली चार्ल्स डिकन्सवर याच सामननं भगंदराची शस्त्रक्रिया केली होती.

अण्णांनी मध्यंतरी एकदा शस्त्रक्रिया करून घेतली. वर्षभरात दुखणं परत आलं. निवृत्तीनंतर, सत्तरच्या दशकात, कुणीतरी पुण्याच्या एका आयुर्वेद रुग्णालयातल्या दोऱ्याची माहिती दिली. अण्णांचा विश्वास नव्हता, पण गेले.

हा दोरा म्हणजे क्षारसूत्र. अकराव्या शतकातल्या चक्रपाणीदत्ताच्या ग्रंथात निवडुंगाचा चीक आणि हळद लावलेल्या दोऱ्याचं वर्णन आहे. तिकडे ग्रीसमध्ये हिप्पोक्रेटिसच्या नावावरच्या ग्रंथातही घोड्याच्या केसाबरोबर पिळलेला दोरा भगंदरात ओवायला सांगितलं आहे. आपल्याकडची ही रीत मागे पडली होती. बनारस हिंदू विश्वविद्यालयात प्रा. पी. जे. देशपांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६०च्या दशकात ती पुन्हा उभी केली, तपासून, नोंदी ठेवून. या कामामागे एक मराठी आडनाव आहे याचा अण्णांना फार अभिमान वाटायचा.

हा दोरा करताना मी पाहिला आहे. भाचीच्या ओळखीनं एका आयुर्वेद महाविद्यालयात गेले होते. लोखंडी चौकटीवर मजबूत दोरा ताणून बसवलेला. पहाटे काढून आणलेला निवडुंगाचा चीक वाटीत, दाट आणि पांढरा. मुलगी हातमोजे घालून कापसाच्या बोळ्यानं दोऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चीक लावत होती. एक हात झाला की चौकट बंद कपाटात, मंद उष्णतेत वाळवायला. अशी नुसत्या चिकाची अकरा पुटं. मग चीक लावून ओल्या दोऱ्यावरून आघाड्याच्या क्षाराची सात. शेवटी चीक आणि हळदीची तीन. दिवसाला एकच पूट चढतं, म्हणजे दोरा तयार व्हायला तीन आठवडे लागतात. शेवटी तो पिवळा, ताठ आणि बोटाला खरबरीत लागतो. आघाडा जाळून राख करायची, ती पाण्यात कालवून गाळायची, ते पाणी आटवून क्षार काढायचा, हे काम वेगळंच. चीक डोळ्यात गेला तर डोळा जाण्याची भीती, म्हणून तिथे कुणी बोलत नव्हतं.

दोरा सळईनं बाहेरच्या तोंडातून आतल्या तोंडापर्यंत नेतात आणि गुदद्वारातून बाहेर काढून गाठ मारतात. क्षार हळूहळू मांस कापतो, आतली सडलेली भिंत खातो, आणि कापलेली जागा मागून भरत येते. स्नायू एकदम तुटत नाही म्हणून ताबा राहतो. आठवड्यानं जुन्या दोऱ्याला नवा बांधून ओढून घेतात. त्या दिवशी अण्णांना घाम फुटायचा. जुना दोरा किती लांब भरला ते दर खेपेला मोजतात, कारण तो जितका आखूड झाला तितकी वाट कापली गेली. अण्णा जातीचे कारकून. त्यांच्या रोजनिशीत त्या महिन्यांतल्या प्रत्येक सोमवारी दुसरं काही नाही, नुसती तारीख आणि सेंटिमीटर. आकडा उतरत जातो आणि एका सोमवारी लाल शाईत ‘दोरा गळाला’ एवढंच लिहिलेलं आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनं अनेक केंद्रांवर केलेली तुलना १९९१ साली प्रसिद्ध झाली. दोऱ्यानं जखम भरायला सरासरी आठ आठवडे लागले, शस्त्रक्रियेनं चार. पण दुखणं उलटण्याचं प्रमाण दोऱ्यात ४ टक्के, शस्त्रक्रियेत ११. आज एमआरआयनं वाटेचा नकाशा आधी मिळतो, लेसर आहे, स्नायू राखणाऱ्या इतर पद्धती आहेत. कोणती कुणाला, हे तपासणाऱ्यानं ठरवावं. मात्र भगंदर पुन्हा पुन्हा होत असेल तर आपल्या देशात क्षयाची तपासणी झालीच पाहिजे, हे भाची तावातावानं सांगते. गावोगावच्या भिंतींवर ‘गॅरंटी’ लिहून भगंदर बरा करणाऱ्यांनी बिघडवलेली माणसं शेवटी तिच्यापुढे येतात.

शरीरात अशा वाटा आणखी कितीतरी ठिकाणी पडतात. वरची दाढ काढताना तिच्या मुळाशी असलेली गालाच्या हाडातली पोकळी उघडी पडली, की चूळ भरलेलं पाणी नाकातून येतं. कुणाच्या मानेवर जन्मापासून टाचणीएवढं छिद्र असतं आणि त्यातून चिकट थेंब येतो. गर्भात मान घडताना मिटायची राहिलेली ती फट. पित्ताशयाला वारंवार सूज आली तर ते आतड्याला चिकटतं, मधली भिंत झिजते आणि मोठा खडा आतड्यात उतरून वाट अडवतो. आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर टाका सुटला तर पोटावरच्या जखमेतून अन्नरस गळू लागतो. त्यात माणूस उपाशी असल्यासारखा वाळत जातो, कातडी त्या रसानं सोलवटते, आणि महिनोनमहिने शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकेचा तिथे खरा कस लागतो.

आजी एका मुलाची गोष्ट सांगायची. गुटगुटीत जन्मलं, पण तोंडाला सारखा फेस. मधाचं बोट लावलं की ठसका, पहिल्या घोटाला निळं पडलं. सुईण म्हणाली, याला घोट लाभणार नाही. तीन दिवसांत गेलं. घरच्यांनी दृष्ट लागली म्हणून कुणाशी तरी वैर धरलं. भाचीला ही लक्षणं ऐकताच अन्ननलिका आणि श्वासनलिका यांच्यातल्या जन्मजात फिस्टुलाची शंका आली. त्यात बहुधा अन्ननलिका मध्येच बंद असते आणि खालचा भाग श्वासनलिकेला जोडलेला असतो. १९४१ साली अमेरिकेत मिशिगनमध्ये कॅमेरॉन हेट यांनी अशा बाळाची अन्ननलिका पहिल्यांदा एकाच शस्त्रक्रियेत यशस्वीपणे जोडली. आता आपल्याकडेही ही बाळं वाचतात, मात्र पाजण्याआधी कुणाच्या तरी लक्षात यायला हवं.

एक फिस्टुला तर माणसानं मुद्दाम केलेला आहे. माझ्या धाकट्या मामांची मूत्रपिंडं निकामी झाली तेव्हा त्यांच्या डाव्या मनगटाजवळ धमनी आणि शीर एकमेकींना जोडून दिली. डायलिसिसला जाणारी माणसं आपापसात “तुमचा फिस्टुला चालू आहे ना?” असंच विचारतात. धमनीतलं जोरदार रक्त थेट शिरेत आलं की काही आठवड्यांत शीर जाड आणि रुंद होते, मग तिच्यात जाड सुया पुन्हा पुन्हा टोचता येतात. मामांनी माझी बोटं त्या जागेवर ठेवली. कातडीखाली सतत थरथर लागत होती, आणि कान टेकवला तर घूं घूं असा अखंड आवाज. रोज सकाळी उठल्याबरोबर ते आधी तिथे बोट ठेवून बघायचे. थरथर थांबली म्हणजे फिस्टुला बंद पडला, लगेच दवाखाना गाठायचा. त्या हाताला घड्याळ नाही, त्या हातावर रक्तदाब मोजायचा नाही, त्या कुशीवर झोपायचं नाही. अठराव्या शतकात विल्यम हंटर यानं हीच अवस्था दुखणं म्हणून नोंदवली होती. रक्त काढणाऱ्यांचं पातं शिरेतून आरपार धमनीत जायचं आणि दोन्ही जोडल्या जायच्या. १९६६ साली न्यूयॉर्कच्या ब्रेशिया, चिमिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीच इजा उपचार म्हणून वापरली आणि लाखो मूत्रपिंडाच्या रुग्णांचं आयुष्य वाढलं. मामांचंही वाढलं.

आता आक्का.

मानमोडीच्या आदल्या वर्षी, म्हणजे १९१७च्या सुमाराला, आक्का पहिलटकरीण होती. वय तेरा-चौदा. कळा सुरू झाल्या त्या चौथ्या दिवशी संपल्या. मूल मेलेलंच निघालं. आक्का वाचली म्हणून नारळ फोडला. आठवडाभरानं तिच्या लक्षात आलं, की अंथरूण सतत ओलं होतंय. बसलं तरी, निजलं तरी, चाललं तरी लघवी गळतेय आणि ती आपल्याला कळतसुद्धा नाही.

हा मधला आठवडा फार फसवा. अडलेल्या बाळंतपणात मुलाचं डोकं कमरेच्या हाडांत रुतून बसतं. आईचं मूत्राशय पुढचं हाड आणि ते डोकं यांच्यामध्ये तासन्‌तास चेपलं जातं, तिथला रक्तपुरवठा तुटतो आणि मांस मरतं. मेलेलं मांस गळून पडायला काही दिवस लागतात, तेव्हा कुठे भोक उघडं होतं. मागच्या बाजूला दाब आला तर हेच गुदाशयाचं होतं आणि मळही त्या वाटेनं येतो. कोवळ्या मुलीची कंबर पुरती वाढलेली नसते, त्यामुळे धोका आणखी. पण आठवड्यानं सुरू झालेल्या गळतीचा बाळंतपणाशी संबंध कोण लावणार? आक्काच्या सासरी म्हणाले, हिनं सुतकात काहीतरी शिवाशिव केली.

वर्षभरात नवऱ्यानं दुसरी केली आणि आक्का माहेरी आली. परसात गोठ्याला लागून एक खोली होती, ती तिची. जुन्या लुगड्याच्या घड्यांत चुलीची राख भरून ती बांधायची. पहाटे कुणी उठायच्या आधी ओढ्यावर जाऊन सगळं धुऊन आणायची. मांड्या सोलवटून निघायच्या, त्यावर खोबरेल आणि हळद. देवळात नाही, हळदीकुंकवाला नाही, लग्नाच्या पंगतीत नाही. सगळ्यांत वाईट म्हणजे तिनं पाणी पिणं तोडलं होतं. प्यालंच नाही तर गळणार नाही, असा तिचा हिशेब. उलट लघवी दाट होऊन जास्त जाळायची, वास जास्त यायचा. जगभरच्या अशा बायका हेच करत आल्या आहेत.

आणि किती काळापासून! इजिप्तमध्ये देइर अल-बहारीला सापडलेल्या हेनहेनित या राजस्त्रीची ममी चार हजार वर्षांपूर्वीची. तिची कंबर अरुंद होती आणि मूत्राशय फाटलेलं होतं, असं डेरी या शरीरशास्त्रज्ञाला विसाव्या शतकात तपासताना आढळलं. इब्न सीनानं लहान वयातल्या मुलींच्या अवघड बाळंतपणात लघवी गळू लागते हे लिहून ठेवलं. उपाय सापडला तो अमेरिकेतल्या अलाबामात, आणि ज्या रीतीनं सापडला ती आठवली की माझं मन आजही तापतं. जेम्स मॅरियन सिम्स या डॉक्टरनं १८४५ ते १८४९ या काळात गुलाम काळ्या स्त्रियांवर भूल न देता पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया केल्या. त्यांतल्या तिघींची नावं आपल्याला माहीत आहेत: अनार्का, लूसी, बेट्सी. एकट्या अनार्कावर तीसेक वेळा सुरी चालली. शेवटी चांदीच्या तारेचे टाके टिकले आणि तिचं भोक मिटलं. त्यांना नको म्हणायचा अधिकारच नव्हता. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधला सिम्सचा पुतळा २०१८ साली हलवला, ते योग्यच झालं. पुढे जी कुणी बाई या शस्त्रक्रियेनं कोरडी झाली ती या तिघींच्या वेदनेवर. त्यांत आमची आक्काही आली.

आपल्याकडे या प्रश्नाचं मूळ लग्नाच्या वयात होतं आणि ते सांगणारी माणसं होती. आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी आई झाल्या. मूल दहा दिवसांत गेलं. पुढे १८८६ साली पेनसिल्व्हेनियातून डॉक्टर होताना त्यांनी आपला प्रबंध हिंदू समाजातल्या प्रसूतीशास्त्रावरच लिहिला. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी नांदायला जायला नकार दिला, तुरुंगाची तयारी दाखवली आणि नंतर स्वतः डॉक्टर झाल्या. १८९० साली पन्नासहून अधिक स्त्री-डॉक्टरांनी व्हाइसरॉयकडे अर्ज करून बालवधूंच्या शरीराचे काय हाल होतात ते लिहून दिलं. १८९१ साली संमतिवय दहावरून बारा झालं, त्यावरही महाराष्ट्रात केवढा गदारोळ! टिळकांसारख्यांचा विरोध परक्या सरकारच्या हस्तक्षेपाला होता, हे मला समजतं. पण त्या वादात परसातल्या खोलीतली मुलगी कुणाला दिसली नाही, ही खंत राहतेच. १९२९ साली सारडा कायदा झाला. मुलीच्या लग्नाचं वय चौदा ठरलं, अंमल १ एप्रिल १९३० पासून. त्या आधीच्या हंगामात लोकांनी धास्तीनं पोरी उजवून टाकल्या. आजी त्याच झुंबडीत बारा वर्षांची आमच्या घरात आली. “एका मांडवात सहा लग्नं लागली, भटजीचा घसा बसला,” असं ती सांगायची. सासरी आल्यावर पहिल्याच पहाटे तिनं ओढ्याकडे जाणारी आक्का पाहिली. सासूनं बजावलं, “तिच्याकडे बघायचं नाही.” आजी बघायची. हळूहळू पहाटे तिच्याबरोबर ओढ्यावर जाऊ लागली.

अण्णांची गाठ कापली तो मिशनचा दवाखाना मघाशी आला. तिथे खाटेवर पालथं पडून अण्णांनी नर्सबाईंना कुणा बाईशी बोलताना ऐकलं: “किती वर्षं लघवी गळते?” अण्णांनी मान वळवून विचारलं, “हे बरं होतं?” नर्सबाई म्हणाल्या, पुष्कळदा होतं. स्वतःचं दुखणं आईलाही न सांगणाऱ्या त्या माणसानं तिथे अनोळखी बाईला बहिणीचं सगळं सांगितलं. परत आल्यावर घरात भांडण झालं. आक्काच नको म्हणत होती. आजी तिला म्हणाली, “वन्सं, मी येते बरोबर. रेल्वेत लोक बघतील तर माझ्याकडे बघतील.”

दोनदा शस्त्रक्रिया करावी लागली. पहिल्यांदा बारीक फट राहिली, काही महिने थांबून दुसऱ्यांदा शिवलं. प्रत्येक वेळी रबरी नळी घालून दोन आठवडे खाटेवर. मूत्राशय रिकामं राहिलं तर टाके ताणले जात नाहीत. इतकंच नव्हे, बाळंतपणानंतर लगेच अशी नळी घालून काही आठवडे ठेवली तर लहान भोक शस्त्रक्रियेशिवायही मिटू शकतं. वीस वर्षांपूर्वी हे कुणी केलं असतं तर! नळी काढली त्या सकाळी आक्कानं आजीकडे पाणी मागितलं. तांब्या उभ्यानं संपवला आणि दुसरा मागितला. नर्सबाईंनी अडवलं, तरी तिनं तो प्यायलाच.

इथिओपियात रेजिनाल्ड आणि कॅथरिन हॅमलिन हे डॉक्टर दाम्पत्य १९५९ साली गेलं आणि १९७४ साली त्यांनी अदिस अबाबात फक्त अशा बायकांसाठी रुग्णालय काढलं. साधा फिस्टुला असेल तर आता दहापैकी नऊ बायका बऱ्या होतात. तरीही दरवर्षी जगात किमान पन्नास हजार नव्या बायकांना हे होतं, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि २०१३ पासून २३ मे हा दिवस संयुक्त राष्ट्रांनी त्यांच्यासाठी ठेवला आहे. आपल्याकडच्या शहरांत कारणं बदलली आहेत. भाचीकडे येणाऱ्या बऱ्याच जणींना हे गर्भाशय काढताना किंवा सिझेरियनमध्ये मूत्राशयाला वा मूत्रनलिकेला इजा होऊन झालेलं असतं, काहींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगानं किंवा त्यावरच्या किरणोपचारानं. त्याही महिनोनमहिने पॅड बांधून गप्प राहतात. महाराष्ट्रात आता जवळपास ९५ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होतात, १०८ची गाडी आहे. पण २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत वीस ते चोवीस वयाच्या २१.९ टक्के मुलींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. हा आकडा वाचताना मला आजीचा तो सहा लग्नांचा मांडव दिसतो.

गावी परतल्यावर आक्का परसातल्या खोलीत राहायला गेली नाही. माजघरात आजीशेजारी निजू लागली, देवळात भजनाला रात्रभर बसू लागली. आणि कुणी न बोलावता बाळंतिणीच्या घरी जाऊ लागली. सुईणीच्या कामात ती हात घालायची नाही. उंबऱ्याशी बसून फक्त वेळ मोजायची. एक रात्र गेली आणि मूल झालं नाही, की उठून म्हणायची, “गाडी जुंपा.” लोक चिडायचे. वांझोटीची दृष्ट, असंही बोलायचे. मळ्यातल्या एका घरी सासरा आडवा आला. पाऊस होता, बैल दमलेत म्हणाला. आक्कानं भावाला हाक मारून आमचे बैल मागवले आणि सुनेला गाडीत घालून स्वतः बरोबर गेली. दवाखान्यात चिमटे लावून मूल काढलं. मुलगा झाला, आई धड राहिली. पुढच्या खेपेला तोच सासरा पहिली कळ आल्याबरोबर, भर दुपारी, गाडी जुंपूनच आक्काला न्यायला आला.